सागरी जैविक पंप

सागरी जैविक पंप म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाजवळील कार्बन सेंद्रिय कणांच्या रूपाने खोल समुद्रात वाहून नेणारी नैसर्गिक प्रक्रिया होय. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मर्यादित राहण्यात या प्रक्रियेचा मोठा वाटा आहे.

प्रक्रिया

समुद्राच्या वरच्या प्रकाशित थरात वनस्पतिप्लवक हे सूक्ष्म जीव पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वापरून प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांवर प्राणिप्लवक जगतात. एकटी मृत पेशी अत्यंत हलकी असल्याने जवळजवळ तरंगतच राहते. मात्र मृत पेशी, विष्ठा व चिकट स्राव एकत्र येऊन त्यांचे पुंज बनतात आणि ते दिवसाला काही दशक ते काहीशे मीटर वेगाने खाली जातात. पांढऱ्या भुरभुरीसारखे दिसत असल्याने त्यांना 'सागरी हिम' म्हणतात. सिलिका किंवा चुन्याची कवचे, धूळ व माती यांमुळे पुंजांचे वजन व वेग वाढतो.

वाटेत जीवाणू व प्राणी बहुतेक सेंद्रिय द्रव्य वापरून टाकतात आणि त्यातील कार्बन पुन्हा पाण्यात विरघळतो. हे विघटन जितके खोल होते, तितका तो कार्बन वातावरणापासून अधिक काळ, कित्येक शतकेही, दूर राहतो. तळाच्या गाळात कायमचा गाडला जाणारा अंश अत्यल्प असतो. विघटनात प्राणवायू खर्च होतो. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

भारतीय समुद्रांतील मापन

गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीतील हॅम्बर्ग विद्यापीठ यांनी १९८६ पासून अरबी समुद्रात गाळसापळे बसवले. नरसाळ्याच्या आकाराच्या या उपकरणाखालील बाटल्या ठरावीक दिवसांनी आपोआप बदलतात. त्यामुळे कोणत्या काळात किती कण खाली आले, हे कळते. नैर्ऋत्य व ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात कणांचा वर्षाव वाढतो, असे या मापनातून १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. वाऱ्यांमुळे खालचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येऊन प्लवकांची वाढ होते, हे त्याचे कारण होय.

नद्यांचा गाळ

बंगालच्या उपसागरात नद्यांनी आणलेली माती सेंद्रिय पुंजांना जड करून वेगाने खाली नेते. शिरूर व दौंड तालुक्यांतून वाहणारी भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा याच उपसागरात जाते. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनलेला गाळ पूर्वी या मार्गाने समुद्रापर्यंत पोहोचत असे. आता त्यातील मोठा भाग उजनीसह वाटेतील धरणांच्या जलाशयांत अडतो. अशा रीतीने समुद्रापासून दूरच्या प्रदेशांतील बदलही सागराशी जोडलेले आहेत.

कृत्रिम वाढीचा प्रयोग

समुद्रात लोह मिसळून हा पंप वाढवता येईल का, हे तपासण्यासाठी २००९ मध्ये भारत व जर्मनी यांनी दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' प्रयोग केला. पर्यावरणवादी संघटनांनी त्यास विरोध केला होता. सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह टाकल्यावर प्लवक वाढले. परंतु पाण्यात सिलिका कमी असल्याने जाड कवचाचे डायटम वाढू शकले नाहीत आणि वाढलेले बरेच प्लवक प्राणिप्लवकांनी खाल्ले. खोल समुद्रात गेलेला कार्बन फारच थोडा होता. प्लवकांची वाढ झाली म्हणजे कार्बन खोल गेलाच असे नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.