आधाराचे लाकूड आतून पोकळ तर नाही?

मृगाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. ते उघड्या खिडकीतून आले असतील, तर चिंता नसावी. परंतु चौकटीच्या वा भिंतीच्या फटीतून ते बाहेर पडताना दिसले, किंवा बंद खोलीत गळून पडलेल्या पंखांचा थर आढळला, तर घरात वाळवीने, म्हणजेच उधईने, वस्ती केली असे समजावे. पंखांच्या मुंगीची कंबर बारीक असते. वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारख्याच लांबीचे असतात.

वाळवीमुळे माणसाला रोग होत नाही. तरीही वृद्धांच्या घरात तिची दखल वेळीच घ्यावी, कारण ती लाकूड आतून पोखरते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. जळगाव-धुळे परिसरातील धाब्याच्या जुन्या घरांत खांब, तुळया, चौकटी, जिन्याचे कठडे लाकडीच असतात. रात्री उठताना आजी-आजोबा ज्या कठड्याचा आधार घेतात तोच पोकळ असेल, तर एका क्षणात खुब्याचे हाड मोडू शकते. म्हणून तपासणीचा आरंभ हाताच्या आधारापासून करावा.

काय पाहावे?

* भिंतीवर, जोत्यावर वा चौकटीलगत मातीच्या बारीक नळ्या. नळीचा थोडा भाग मोडून ठेवावा. काही दिवसांत ती पुन्हा जोडली गेली, तर वाळवी नक्कीच कार्यरत आहे. नळी कोरडी व रिकामी दिसली, तरी धोका टळला असे मानू नये.
* ठोकल्यावर पोकळ आवाज देणारे, टोकदार वस्तूने सहज खचणारे लाकूड.
* रंगाला आलेले फुगे, अकारण घट्ट बसणारे दार. हे ओलीमुळेही घडते. पण वाळवीलाही ओल प्रियच असते.
* लाकडाखाली रव्यासारख्या कणांची रास. ही कोरड्या लाकडातील वाळवीची खूण होय.

भिंतीला टेकलेले कपाट आणि जमिनीवरची पेटीही सरकवून पाहावी. धुळ्यात 1927 मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने ऐतिहासिक कागदपत्रे जतन केली आहेत. आपल्या घरची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, सातबारा आणि औषधोपचाराच्या फाइलीही तितक्याच जपणुकीच्या आहेत. त्या झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवाव्यात.

काय करावे?

गळके नळ दुरुस्त करावेत. सरपणासाठी आणलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या भिंतीला टेकवून रचू नयेत. रॉकेल ओतणे टाळावे. त्याने आगीचा धोका वाढतो आणि वाळवीचे मूळ घर जमिनीत तसेच राहते. कीडनियंत्रण परवानाधारकाकडूनच करून घ्यावे आणि औषधाचे नाव लिहून घ्यावे. दमा असलेल्यांना व अंथरुणाला खिळलेल्यांना फवारणीपूर्वीच दुसरीकडे हलवावे. औषध पूर्ण वाळल्यावर, खोली हवेशीर झाल्यावर आणि परवानाधारकाने सांगितलेला अवधी संपल्यावरच परत आणावे. पोकळ कठडा मात्र औषधाने मजबूत होत नाही; तो बदलावाच लागतो. तोवर त्याला कोणी हात टेकू नये, अशी खूण त्यावर आजच बांधावी.