विरजणाची आठवण

न्यू जर्सीत थंडी पडली की आमच्याकडचं दही रुसतं. मग कोमट दुधात चमचाभर विरजण ढवळायचं आणि पातेलं ओव्हनमध्ये ठेवायचं. ओव्हन बंद, आतला दिवा मात्र रात्रभर चालू. सकाळी पातेलं जरा तिरकं करून बघायचं: हललं नाही तर लागलं. हललं, तर दोष थंडीला, दुधाला, नाहीतर ज्याने विरजण लावलं त्याला. आमच्या घरात विषाणूवर आळ आलेला मी तरी ऐकला नाही.

दुधाच्या कारखान्यात मात्र पहिला संशय त्याच्यावरच. जिवाणूंना ग्रासणाऱ्या या विषाणूंना फेज म्हणतात. चीजचं विरजण त्यांच्यामुळे मरतं, हे न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ मध्येच दाखवलं होतं. फेज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि थोड्याच वेळात पेशी फुटून नव्या फेजांची पलटण बाहेर पडते. टाकीभर दूध तसंच पाणचट राहतं.

एवढ्या हल्ल्यातून जिवाणू वाचतात कसे? पहिला धागा सापडला तो एका फुटलेल्या नळीमुळे. इटलीतला ज्यूद्वेष चुकवून अमेरिकेत आलेले साल्वाडोर लुरिया तेव्हा अर्बाना इथे इलिनॉय विद्यापीठात होते. एका विशिष्ट ई. कोलायमध्ये फेज सोडला की जिवाणू मरत, पण नवे फेज काही दिसत नसत. एके दिवशी फेज तपासायला वापरायच्या नेहमीच्या ई. कोलायची नळी फुटली. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून सहकाऱ्याकडून शिगेला हा जिवाणू उसना आणला. (उसनवारीचं महत्त्व विरजणवाल्यांना सांगायला नको.) आणि शिगेलाच्या ताटलीवर फेजांनी पाडलेली भोकंच भोकं! म्हणजे फेज जन्मत होते, नेहमीचा ई. कोलाय त्यांना वाढू देत नव्हता. लुरिया आणि मेरी ह्यूमन यांनी हे १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं.

पुढे कळलं की जिवाणू स्वतःच्या डीएनएवर रासायनिक खुणा करून ठेवतो आणि बिनखुणेचा डीएनए कापून टाकतो. ही कात्री बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० मध्ये वेगळी काढली. या कामासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं, आणि तसल्याच कात्रीच्या जोरावर जिवाणूंकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेता आलं.

पण कात्रीला आठवण नसते. ती आठवण सापडली विस्कॉन्सिनमध्ये, जिथल्या मोटारींच्या पाट्यांवरही दुग्धव्यवसायाची जाहिरात असते. तिथल्या मॅडिसन शहरात डॅनिस्को या विरजण बनवणाऱ्या कंपनीत रोडॉल्फ बारांगू होते, फ्रान्समधल्या शाखेत फिलिप हॉर्वाथ. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर त्यांनी फेज सोडले. बहुतेक सगळे मेले. जे वाचले त्यांतले नऊ वाण घेऊन त्यांच्या डीएनएतला एक चमत्कारिक भाग वाचला. तिथे एकच मजकूर पुन्हापुन्हा येतो आणि मधेमधे तिसेक अक्षरांचे वेगवेगळे तुकडे असतात. त्याचं नाव क्रिस्पर. प्रत्येक वाणात एका टोकाला नवे तुकडे जोडलेले होते, आणि ते चक्क फेजच्या डीएनएशी जुळत होते.

एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांतच म्हणा, फक्त यात नोंद पूर्वजांची नाही, शत्रूंची. तुकडा काढला की तो जिवाणू पुन्हा फेजला बळी पडायचा. तोच तुकडा घातला की फेजला पुरून उरायचा. ‘सायन्स’मध्ये हे मार्च २००७ ला छापून आलं. पुढच्याच वर्षी इव्हान्स्टनला मराफिनी आणि सोंथायमर यांनी दाखवलं की हल्ला होतो तो डीएनएवरच. या यंत्रणेतून जनुकं संपादित करण्याचं तंत्र निघालं, २०२० चं नोबेल मिळालं. ते सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र नोबेलपेक्षा ते नऊ वाण जास्त भावतात.

फेजही गप्प बसत नाही. नोंदलेल्या मजकुरातलं एखादं अक्षर बदललं, की तो पहारा चुकवून आत शिरतो. म्हणून कारखाने एकाच वाणावर विसंबत नाहीत, वाण आलटून पालटून वापरतात. हॉलंडच्या डेअऱ्यांमध्ये तर असं दिसलं, की फेजांच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली मिश्र विरजणं प्रयोगशाळेत जपलेल्या विरजणांपेक्षा चिवट ठरतात.

घरचं विरजणही असंच मिश्र. परवा वरच्या मजल्यावरची पोरगी वाटी घेऊन आली. “काकू, आमचं पुन्हा बिघडलं. तुमच्यातलं जरा द्याल?” मी दोन चमचे घातले, वर सायीचा एक तुकडाही ठेवला.