तीर्थयात्रा आणि कलायात्रा : पुण्याहून रोमकडे जाणाऱ्या कॅथॉलिक वाटेचे स्वरूप

इटलीतील नगरांतून हिंडणाऱ्या कॅथॉलिक यात्रासमूहांच्या पत्रकांवर बहुधा दोन संज्ञा जोडीने छापलेल्या असतात : 'तीर्थयात्रा' आणि 'सांस्कृतिक सहल'. पुण्यासारख्या शहरातून एखादा समूह रोम, असिसी, फ्लॉरेन्स, पादुआ व व्हेनिस ही वाट आखतो, तेव्हा सकाळी मिस्सा आणि दुपारी चित्रसंग्रहालय अशी त्याच्या दिवसाची वाटणी होते. या जोडनावाकडे दोन दिशांनी संशयाने पाहिले जाते. श्रद्धावान मनुष्यास असे वाटते की, सहलीच्या सोबतीने यात्रा पातळ झाली. उलट अभ्यासकास असे वाटते की, यात्रेचे नाव ही सहलीवर चढविलेली केवळ झूल आहे. दोन्ही मतांच्या मुळाशी गृहीत मात्र एकच आहे. ते असे की, एके काळी यात्रा निर्भेळ होती व पाहण्याची हौस तिला मागाहून चिकटली. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही.

प्रथम शब्दाचाच विचार केला पाहिजे. मराठीत 'यात्रा' म्हणजे देवदर्शनास जाणे, तशीच यात्रा म्हणजे देवस्थानी भरणारी जत्रा. पाळणे, मिठाई, भांड्यांची दुकाने आणि नवस यांना एकाच शब्दाच्या पोटात ठेवण्यास मराठी मनाला कधी अवघड वाटलेले नाही. मराठी कॅथॉलिकांनीही हा शब्द याच दुहेरी अर्थाने स्वीकारला. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे मतमाउलीच्या सणाला सप्टेंबरात जो जनसमुदाय लोटतो, त्याला तेथील लोक 'यात्रा' असेच म्हणतात. हा प्रदेश १९८७ साली नाशिकचा धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत पुण्याच्याच धर्मप्रांतात मोडत असे. तेव्हा पुण्यातील कॅथॉलिकाला यात्रेची कल्पना रोमहून आयात करावी लागली, असे समजण्याचे कारण नाही.

रोमच्या सामूहिक यात्रेला निश्चित आकार आला तो १३०० साली. त्या वर्षी पोप आठवा बोनिफास याने पहिले ज्युबिली वर्ष घोषित केले. संत पीटर व संत पॉल यांच्या मंदिरांना रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि बाहेरून आलेल्यांनी पंधरा दिवस भेट द्यावी, अशी अट होती. येथे 'इंडलजन्स' या संकल्पनेचा थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. कॅथॉलिक शिकवणुकीप्रमाणे पापाची क्षमा होते ती पापनिवेदनाच्या संस्कारात. परंतु क्षमा झाल्यावरही पापापोटी भोगावयाचा तात्कालिक दंड शिल्लक राहतो, आणि इंडलजन्सने त्या दंडातून सूट मिळते. म्हणजे यात्रेने पाप धुऊन निघते असे ही शिकवण सांगत नाही. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसादाचे सेवन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना व पापाविषयीची आसक्ती सोडणे या अटी पाळल्याखेरीज पवित्र द्वार ओलांडणे ही केवळ एक चाल ठरते. ज्युबिली वर्षाचे अंतर पुढे शंभरावरून पन्नासावर आणि १४७० च्या निर्णयाने पंचविसांवर आले. २०२५ चे ज्युबिली वर्ष २४ डिसेंबर २०२४ रोजी संत पीटरच्या मंदिरातील पवित्र द्वार उघडून सुरू झाले. पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झाल्याने ते पोप चौदावे लिओ यांच्या कारकीर्दीत, ६ जानेवारी २०२६ रोजी समाप्त झाले.

आता १३०० साली रोमला गेलेल्या एका यात्रेकरूकडे पाहावे. फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी हा त्या गर्दीत होता. वर्षभर नगरात दोन लाख यात्रेकरू सतत असत, असा त्याचा अंदाज आहे. परंतु आपल्या ग्रंथाचे मूळ सांगताना तो जी हकीकत देतो ती अधिक महत्त्वाची आहे : इंडलजन्ससाठी आलेला हा मनुष्य रोमचे प्राचीन भग्नावशेष पाहून भारावला आणि आपल्याही नगराचा इतिहास लिहावा, ही प्रेरणा त्याला तेथेच झाली. पहिल्याच ज्युबिलीतून, अशा रीतीने, पुण्याबरोबर एक इतिहासग्रंथही निपजला. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, रोमच्या आश्चर्यांचे वर्णन करणारी 'मिराबिलिया' नावाची लॅटिन पुस्तिका प्रचारात होती. तिच्यात हुतात्म्यांच्या स्थानांबरोबर मूर्तिपूजकांची देवळे, कमानी व राजवाडे यांच्याही कथा येतात. आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्यांशी तिचे नाते उघड आहे. फरक एवढाच की, माहात्म्य क्षेत्राचा महिमा पुराणकाळाशी जोडून एकसंध करते, तर ही पुस्तिका जिंकलेल्या धर्माच्या अवशेषांकडेही कौतुकाने पाहते.

यात्रेच्या शारीरिक बाजूचाही विसर पडू नये. १४५० च्या ज्युबिलीत डिसेंबर महिन्यात सांत आंजेलो पुलावर चेंगराचेंगरी होऊन दीडशेहून अधिक माणसे दगावली. १४७५ च्या ज्युबिलीच्या सुमारास पोप चौथा सिक्स्टस याने टायबर नदीवर जो नवा पूल बांधविला, तो अशा गर्दीची सोय म्हणूनच. संत फिलिप नेरी याने सोळाव्या शतकाच्या मध्यास सात मंदिरांच्या पायी फेरीला नवे रूप दिले. वाटेत भजने, वाद्ये, आणि मध्ये एका बागेत सर्वांची शिदोरी असा तिचा क्रम होता. ज्याने दिंडी पाहिली आहे त्याला यात अनोळखी असे फारसे वाटू नये. १५४८ साली त्याने जो सेवासंघ स्थापन केला, त्याचे सभासद परगावच्या गरीब यात्रेकरूंना जेवू घालीत व त्यांचे पाय धूत. लॅटरनजवळच्या पवित्र जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या भाविक आजही गुडघ्यांवर चढतात.

पुण्याचे या सर्वांशी नाते काय? पुण्यातील कॅथॉलिक समाजाचा आरंभ लष्करी चाकरीत आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडील व पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती शिपाई-अंमलदार होते. त्यांच्यासाठी सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७९२ साली, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर नाना पेठेच्या बाजूस निर्मल गर्भसंभव मातेचे मंदिर उभे राहिले. तेच आजचे सिटी चर्च. ब्रिटिश अमदानीत कॅम्पात आयरिश सैनिकांची भर पडली. १८८६ साली पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याचा कारभार प्रथम जर्मन जेझुइटांकडे आला. रोमशी थेट धागा मात्र १९५५ साली जुळला. पोप तेरावा लिओ याने कँडी येथे १८९३ साली स्थापिलेली पेपल सेमिनरी त्या वर्षी नगर रस्त्यावर रामवाडीस आली. तिच्याबरोबर जेझुइटांचे दे नोबिली कॉलेज आणि पुढे ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ओळखली जाणारी विद्यापीठीय संस्था येथे नांदू लागली. रोबेर्तो दे नोबिली हा रोमचाच. जन्म १५७७, गोव्यास आगमन १६०५. मदुरेस संन्याशाचा वेश, शेंडी व जानवे यांसंबंधी त्याने घेतलेल्या भूमिकेवर जो वाद माजला, त्याचा निवाडा १६२३ साली रोमनेच त्याच्या बाजूने दिला.

मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने याहून जवळचा दुवा क्विरिनाल टेकडीवर आहे. 'क्रिस्तपुराणा'चा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण १५७५ साली रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला व तेथील सांत आंद्रेआच्या नवशिष्यालयात राहिला. १५७९ मध्ये तो गोव्यास पोचला आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचा ओवीबद्ध ग्रंथ छापून निघाला. आज त्या टेकडीवर जे सांत आंद्रेआचे मंदिर लोक पाहतात, ते बेर्निनीने १६५८ नंतर बांधलेले. स्टीफन्सने ते पाहिलेले नाही. कलायात्री तेथे बेर्निनीसाठी थांबतो. मराठी बोलणारा समूह तेथून जाताना आपल्या भाषेचा एक मोठा कवी या आवारात घडला, याची खूण त्याला कोणी दाखवीत नाही. तीच गोष्ट वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण आलेल्या या फ्रान्सिस्कन बंधूला ८ जून १८६२ रोजी रोममध्येच संतपद बहाल झाले.

या उलटसुलट वाटेचा सर्वांत बोलका पुरावा मात्र जुन्या गोव्यात आहे, आणि पुण्यातील कॅथॉलिक कुटुंबांना तो रोमपेक्षा कितीतरी अधिक परिचित आहे. संत फ्रान्सिस झेवियर यास धर्मगुरुदीक्षा मिळाली ती २४ जून १५३७ रोजी व्हेनिसमध्ये. पुढे बोलोन्या व रोम येथे काही काळ काढून १५४० साली तो पूर्वेकडे निघाला व १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरला. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्याचा अंत झाला आणि १५५४ मध्ये देह गोव्यास आला. १६१४ साली उजव्या हाताचा भाग तोडून रोमला पाठविण्यात आला. तो तेथील जेझू मंदिरात आहे. म्हणजे गोव्यात ज्या देहाचे दर्शन घ्यावयाचे, त्याच देहाचा एक अंश इटलीच्या यात्रेत पुन्हा भेटतो. देह ज्या चांदीच्या पेटीत आहे ती १६३६-३७ च्या सुमारास गोव्याच्या कारागिरांनी घडविली, आणि त्या कामामागे नेपल्सच्या मार्चेल्लो मास्त्रिल्ली या जेझुइटाची प्रेरणा होती.

पेटीखालील चौथऱ्याची कथा तर कलेतिहासातील एक नवल आहे. संताचे मस्तक ज्या उशीवर टेकले होते ती उशी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची यास भेट म्हणून मिळाली. तिची परतफेड म्हणून त्याने आपला दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून संगमरवर व रंगीत कठीण पाषाण यांचा चौथरा करवून घेतला. चारी बाजूंना संताच्या चरित्रातील प्रसंगांची काशाची उत्थित शिल्पे बसविली. हे सर्व सुटे भाग समुद्रमार्गे गोव्यास आले व प्लाचिदो राम्पोनी या फ्लॉरेन्सच्या कारागिराने १६९८ साली ते बों जेझूच्या मंदिरात जुळविले. ज्या पाषाणजडावाच्या कामासाठी प्रवासी आज फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात तिकीट काढून उभा राहतो, त्याचा अस्सल नमुना पुण्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, आणि तेथे तो नमुना म्हणून नव्हे, तर संताचे आसन म्हणून पाहिला जातो. वर चांदी गोव्याची, खाली दगड फ्लॉरेन्सचा, असा हा संयोग आहे. दर दहा वर्षांनी होणारे पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. रोमचे पवित्र द्वार उघडले ते याच अवधीत. ज्याला इटलीचा खर्च परवडला नाही त्याने गोव्याची गाडी धरली, असे मानून हा विषय संपविणे योग्य होणार नाही. गोव्याला जाणे हे रोमला न जाण्याचे दुय्यम रूप नव्हे. ते आधीचे आहे.

समूहाचा प्रश्न याहून वेगळा आहे. यात्रेत नेहमीचे सामाजिक भेद गळून पडतात व एक प्रकारचे सहभावी ऐक्य निर्माण होते, हा मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. त्याची काही सामग्री पुण्यातूनच गेली, हे कमी प्रसिद्ध आहे. जेझुइट अभ्यासक गी देल्यूरी यांचा विठ्ठल-संप्रदायावरील इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजाने १९६० साली प्रसिद्ध केला, आणि इरावती कर्वे यांच्या वारीवरील लेखाचे इंग्रजी रूपांतर १९६२ साली आले. टर्नर यांनी दोहोंचा आधार घेतला. परंतु कर्वे यांचे निरीक्षण त्यांच्या सिद्धांताला सहजी मानवणारे नाही. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण व मराठे वेगळे जेवतात, ही गोष्ट त्यांना बोचली आणि त्यांनी ती नोंदविली.

पुण्याच्या कॅथॉलिक समूहालाही हीच कसोटी लावली पाहिजे. या शहरातील कॅथॉलिकांत कोंकणी, तमिळ, मल्याळी व मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. सहसा त्यांना जोडणारी भाषा इंग्रजी असते. बरोबरच्या धर्मगुरूने आपल्या गुरुपदाचा दाखला दाखवून रोमच्या मंदिरात एखादी वेदी ठरवून घेतली की, मिस्सा कोणत्या भाषेत व्हावयाची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) तो उद्भवतच नसे. पुण्यात ऐकलेली लॅटिन मिस्साच रोममध्ये ऐकू येई. आज मराठी मिस्सा रोमच्या वेदीवर होऊ शकते, पण त्यासाठी समूहात तसा आग्रह धरणारे कोणी असावे लागते. शिवाय हा समूह चालत नाही. तो बसने जातो, त्याला व्हिसा लागतो, त्याच्या रजा मोजक्या असतात आणि पैसे आगाऊ भरावे लागतात. हरेगावला पायी जाणारा शेतमजूर त्यात नसतो. ऐक्य असलेच तर ते निवडून आलेल्यांचे ऐक्य असते.

पाहणे व पूजणे यांतला ताण खरा उघडा पडतो तो चित्रमंदिरांत. असिसीच्या वरच्या मंदिरात संत फ्रान्सिसच्या चरित्रावरील अठ्ठावीस भित्तिचित्रे आहेत. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात तेथील छत कोसळून चार माणसे मृत्यू पावली, त्यांत दोन संन्यासी होते. दोन वर्षांत छत पुन्हा उभे केले गेले व चित्रांचे हजारो तुकडे वेचून जोडण्याचे काम झाले; तेथे प्रवेशास तिकीट नाही. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे मंदिरात मात्र पाहणाऱ्याला तिकीट घ्यावे लागते व प्रार्थना करणाऱ्याला वेगळ्या दाराने सोडतात, आणि एकाच समूहातील दोन माणसे कोणत्या रांगेत उभी राहतात हे पाहणे उद्बोधक आहे. पादुआत तर ही विभागणी टोकास गेली आहे. जोत्तोने रंगविलेल्या स्क्रोव्हेन्यी प्रार्थनामंदिरात पंचविसांच्या आसपास माणसांची तुकडी प्रथम एका बंद खोलीत हवा शुद्ध होईपर्यंत बसविली जाते व मग सुमारे पंधरा मिनिटे आत सोडली जाते. श्वासातील ओलाव्याने रंगांस अपाय होऊ नये, हा त्याचा हेतू. या मंदिरास भेट देणाऱ्यांना पोप अकरावा बेनेडिक्ट याने १३०४ साली इंडलजन्स दिले होते. ते बांधविणारा एन्रिको स्क्रोव्हेन्यी हा एका कुप्रसिद्ध सावकाराचा मुलगा. त्याच्या बापाला दान्तेने नरकात बसविले आहे. जानेवारी १३०५ मध्ये, मंदिराची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच, शेजारच्या मठातील ऑगस्टिनियन संन्याशांनी लेखी तक्रार केली. तिचा आशय असा होता की, हे बांधकाम देवाच्या गौरवापेक्षा थाटामाटासाठी व ऐश्वर्याच्या प्रदर्शनासाठी चालले आहे.