व्हेनिअरची पकड कशावर?
उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकरांनो, पुढच्या दातांवर व्हेनिअर बसवणार असाल तर रंगाआधी पकडीचं विचारा. १९५५ मध्ये दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल सूक्ष्म खडबडीत केलं आणि रेझिन दाताला घट्ट धरू लागलं. १९८०च्या दशकात पोर्सेलीनवर हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरून, वर सिलेन लावून तेच साधलं. लिथियम डायसिलिकेट या काचयुक्त सिरॅमिकलाही हीच रीत चालते. झिर्कोनिया मात्र हट्टी! त्यात काच नसते, त्यामुळे हायड्रोफ्लोरिक आम्ल तिथे फारसं काम करत नाही. ॲल्युमिनाच्या कणांचा मारा आणि एमडीपी हा चिकटवणारा घटक असलेलं प्रायमर किंवा सिमेंट लागतं. तरी माझ्या मते सिमेंटच्या ब्रँडपेक्षा इनॅमल किती उरलं हे महत्त्वाचं. इनॅमलखालच्या डेंटिनपर्यंत दात घासला की पकडीचा भरवसा कमी होतो. दुसरं मत हवं असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आपल्याच लाइनवर आहे.