सुई, कागद आणि गाणं

लग्नाची पत्रिका हाती आली की आपण काय करतो? मुहूर्त पाहतो, चिमुकल्यांची 'यायचं हं' वाचून हसतो आणि मनातल्या मनात आहेराचा हिशोब मांडतो. कार्य पार पडलं की पत्रिका रद्दीत! पण मैत्रिणींनो, एखादी पत्रिका उघडल्यावर गाऊ लागली तर?

अशी पत्रिका खरोखरच निघाली आहे. केली अँडरसन या न्यूयॉर्कच्या डिझायनर बाई. कागदाकडून नवी नवी कामं करून घेणं हा त्यांचा छंद आणि व्यवसायही. २०११ साली एका ओळखीच्या जोडप्यासाठी त्यांनी ही पत्रिका केली. आत प्लॅस्टिकची पातळ, लवचीक तबकडी आणि तिच्यावर वधूवरांचं गाणं. कागदाची घडी उभी करायची, तिच्यातली शिवणाची सुई तबकडीवर टेकवायची आणि तबकडी हाताने गोल फिरवायची. ना वीज, ना सेल. की गाणं सुरू!

यात जादू नाही, बरं का. तबकडीवर बारीक नागमोडी खाच असते. तिच्यातून जाताना सुई थरथरते. ती थरथर कागदात उतरते आणि कागद भोवतालची हवा हलवतो. ती हलती हवा कानावर आली की आपण म्हणतो, 'आवाज आला.' एवढीशी सुई एकटी कितीशी हवा हलवणार? रुंद आणि हलक्या कागदाला मात्र ते सहज जमतं. रेडिओच्या कितीतरी स्पीकरांमध्ये कागदाचाच शंकू असतो, तो याचसाठी.

२०१७ साली अँडरसनबाईंचं एक पुस्तक निघालं. त्याचं पान उघडलं की कागदी यंत्र उभं राहतं. एका पानावर तारा छेडायचं वाद्य, दुसऱ्यावर मोबाइलचा आवाज मोठा करणारा कर्णा, तर आणखी एकावर चिमुकलं तारांगण!

आता तुम्ही म्हणाल, या खेळण्यांचं आम्हाला काय? सांगते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. 'कंपनामुळे ध्वनी निर्माण होतो' हे वाक्य मुलं घडाघडा म्हणतात. एकदा विचारलं, "घरातला बिघडलेला रेडिओ कुणी उघडून पाहिलाय?" हात वर झाले ते बहुतेक मुलग्यांचे. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य आपणही ऐकलेलं आहे, नाही का? आणि कधी कधी आपणच लेकीला ऐकवतो. पण त्या गाणाऱ्या पत्रिकेत होतं काय? सुई, कागद आणि नीट घातलेली घडी. यातलं कोणतं आपल्या हाताला परकं आहे?

म्हणून या रविवारी लेकीला जवळ बसवा. स्वच्छ कंगव्याच्या दातांवर पतंगाचा पातळ कागद दुमडून धरा. त्याला ओठ अलगद लावून गाणं गुणगुणा. फुंकायचं मात्र नाही हं! ओठांना गुदगुल्या होतील आणि पिपाणीसारखा आवाज येईल. मग पातळ कागद काढून जाड पुठ्ठा धरा. पिपाणी गप्प! असं का, ते लगेच सांगू नका. तिलाच शोधू द्या.

नंतर जुन्या कॅलेंडरच्या पानाचा शंकू करा. निमुळतं टोक थोडं कापून मोबाइलच्या आवाजाच्या भोकांवर धरा. इकडेतिकडे पांगणारा आवाज एका दिशेने जाईल आणि समोर बसलेल्याला मोठा ऐकू येईल.

खर्च म्हणाल तर जवळजवळ शून्य. थोडा पसारा होईल, तो आवरता येतो. पण 'हे माझ्या हातांनी झालं आणि का झालं तेही मला कळलं' हे लेकीला एकदा उमगलं, की पुढच्या वेळी बिघडलेल्या यंत्रासमोर ती हात मागे घेणार नाही.