पातूरच्या पोराचा रणजी संघ कोणता?

पातूरच्या पोराला रणजी खेळायची असेल, तर त्याची वाट पुण्या-मुंबईकडे जात नाही. ती अकोल्यावरून नागपूरला जाते. गावातून वाशीमचा रस्ता धरून तसंच पुढे गेलं की हिंगोली जिल्हा लागतो. तिथला मुलगा मात्र पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचा. राज्य एक, रणजीचे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ.

ही हद्द क्रिकेटच्या आधीची आहे. हिंगोली निजामाच्या राज्यात होतं, पातूर वऱ्हाडात, आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं. १९३४-३५ साली रणजी सुरू झाली तेव्हा इकडचा संघ ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ म्हणून उतरला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८च्या हंगामापासून ‘विदर्भ’ याच नावानं खेळू लागला.

बीसीसीआय ही मुळात अशा संघटनांचीच संघटना. स्पर्धा ती भरवते, पण संघ निवडतात राज्य संघटना. विदर्भ क्रिकेट असोसिएशन म्हणजे ‘व्हीसीए’कडे अकरा जिल्हे आहेत. सोळा वर्षांखालच्यांना विजय मर्चंट, एकोणीसखाली कूचबिहार, तेवीसखाली नागपूरच्याच सी. के. नायडूंच्या नावाची स्पर्धा, त्यावर रणजी.

ही शिडी चढता येते, हे अकोल्यानं दाखवलं. विदर्भाचे खेळाडू अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे तिथलेच. आदित्यचं रणजी पदार्पण तर थेट अंतिम सामन्यात झालं. इंदूर, डिसेंबर २०१७, समोर दिल्ली. रजनीश गुरबाणीनं लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले आणि साठ वर्षं वाट पाहिलेला करंडक विदर्भात आला. पुढच्या वर्षी पुन्हा. तिसरा २०२५ मध्ये, केरळविरुद्ध नागपुरात: सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावात विदर्भ ३७९, केरळ ३४२. त्या ३७ धावांच्या आघाडीवर विजेतेपद ठरलं.

मधल्या काळात बीसीसीआयमधलं विदर्भाचं स्थानच डळमळलं होतं. बीसीसीआयच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीची ‘एक राज्य, एक मत’ ही शिफारस सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१६ मध्ये मान्य केली. तिन्ही संघटनांचं स्वतंत्र मत जाणार होतं. ९ ऑगस्ट २०१८च्या निकालानं ते परत दिलं. हे योग्यच झालं असं मला ठामपणे वाटतं. वऱ्हाडातल्या पोरांची बाजू मांडायला बोर्डाच्या बैठकीत इथला माणूस हवा.

पण जे गाऱ्हाणं नागपूरनं दिल्ली-मुंबईपुढे मांडलं, तेच तालुक्यांचं जिल्ह्यापुढे आहे. तालुक्यातली पोरं टेनिस बॉलवर वाढतात. आडव्या बॅटनं मारलेले षटकार तिथे चालतात. लेदर बॉल टप्पा पडून आत वळला की तीच बॅट उशिरा येते. ही सवय बाराव्या-तेराव्या वर्षी मोडावी लागते, सतराव्या वर्षी ती मोडत नाही. म्हणून निवड चाचणीच्या आधी तालुक्याला एक चांगली खेळपट्टी, जाळी आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा प्रशिक्षक हवा. तीन रणजी करंडक जिंकलेल्या संघटनेकडे एवढं मागणं जास्त नाही.