प्रतीक्षायादीतील क्रम : विशेषणाकडून अंकाकडे

मनुष्याच्या शरीरात दुसऱ्याचे यकृत बसविण्याचा पहिला प्रयत्न डॉ. टॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे केला. तो फसला. शस्त्रक्रियेनंतर वर्षाहून अधिक काळ रुग्ण जगल्याचे यश त्यांना १९६७ साली लाभले. पुढे ही शस्त्रक्रिया रुळली, तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. यकृते थोडी आणि रुग्ण पुष्कळ. मग आधी कोणास द्यावे? प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु त्याच्या उत्तराचा इतिहास भाषेच्या अभ्यासकानेही पाहण्यासारखा आहे.

यकृतविकाराची तीव्रता ठरविण्यासाठी चाइल्ड व टर्कॉट यांनी १९६४ साली सुचविलेली आणि प्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली सुधारलेली श्रेणी प्रचारात होती. तीत पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. पैकी तीन रक्ततपासणीतून कळतात. उरलेल्या दोन, म्हणजे जलोदर व यकृतविकारामुळे होणारा बुद्धिभ्रम, या मात्र वैद्याच्या निरीक्षणावर अवलंबून असतात. एकाने ‘थोडा’ म्हटलेला जलोदर दुसऱ्यास ‘मध्यम’ वाटू शकतो. शिवाय अमेरिकेत रुग्णाने यादीत किती काळ काढला यालाही महत्त्व असे. त्यामुळे नाव उशिरा नोंदविलेला, पण अधिक आजारी रुग्ण मागे पडे.

फेब्रुवारी २००२ पासून तेथे दीर्घकालीन विकाराच्या प्रौढ रुग्णांसाठी ‘मेल्ड’ हा गुणांक स्वीकारण्यात आला. मुळात तो मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी अन्य उपचार घेणाऱ्या यकृतरुग्णांच्या आयुर्मानाचा अंदाज करण्यासाठी रचला होता. रक्तातील बिलिरुबिन, क्रिअ‍ॅटिनिन आणि रक्त गोठण्याच्या काळाचे प्रमाणित गुणोत्तर या तीन मापांवरून ६ ते ४० असा अंक निघे. अंक जितका मोठा, तितका येत्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका अधिक. म्हणून त्या रुग्णाचा क्रम आधी. विशेषणाची जागा अंकाने घेतली.

तथापि अंकही सर्वस्वी निःपक्षपाती ठरला नाही. क्रिअ‍ॅटिनिन स्नायूंपासून उत्पन्न होते. स्त्रियांचे स्नायू सरासरीने कमी असल्याने मूत्रपिंडे तितकीच बिघडली असताही त्यांचे माप कमी भरते आणि गुणांक उतरतो. नव्या पद्धतीनंतर यादीतील स्त्रियांना यकृत मिळण्याची शक्यता पुरुषांहून कमी व प्रतीक्षेत मृत्यू येण्याची शक्यता अधिक, असे संशोधनात आढळले. शरीराच्या लहान आकारमानासारखी अन्य कारणेही त्यामागे होती. २०१६ साली गणनेत सोडियमची भर पडली होती. २०२३ साली लागू झालेल्या सुधारित गुणांकात अल्ब्युमिन आले आणि स्त्रियांना १.३३ गुण अधिक देण्यात येऊ लागले.

यावरून शब्दापेक्षा अंक निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अंकाचा मोठा लाभ हा की, त्यातील चूक मोजता येते, म्हणून दुरुस्तही करता येते. मात्र काय मोजावे, हे अंक स्वतः सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते, आणि त्या निवडीवर कोणाचे तरी आयुष्य अवलंबून असते.